टिकलीचं पहिलं टणक अंडं!

टिकली, काळी आणि भुरी या माझ्या तीन तलंगा, म्हणजे नुकत्याच वयात येणाऱ्या कोंबड्या. टिकलीच्या वयाचा हा तेविसावा आठवडा. आज सकाळी अंडी घालायच्या पेटीत, सवयीसाठी ठेवलेल्या लाकडी अंड्याला खेटून खरं अंडं होतं. ३९ ग्रॅम, फिकट तपकिरी, अजून कोमट, आणि कवच टणक! तळहातावर घेऊन मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

अंड्यावर येण्याच्या, मागच्या नोंदीत लिहिलेल्या सगळ्या खुणा टिकलीत कधीच्या जुळल्या होत्या. तुरा लालभडक, पाठीला हात लावला की पंख पसरून खाली बसणं, ओटीपोटाच्या हाडांमध्ये दोन बोटांचं अंतर. पेटी मात्र रिकामी. मग एका पहाटे दांडीखालच्या भुशात लिबलिबीत पिशवी सापडली. नुसता पडदा, कवच नाहीच. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेचं एखादं असं होतं, म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या आठवड्यात आणखी तीन तशीच!

लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) सुरू करावं तर काळी आणि भुरी अजून मागे आहेत. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के, ग्रोवरमध्ये, म्हणजे वाढत्या तलंगांच्या खाद्यात, एकाच्या आसपास. अंडी न देणाऱ्या तलंगांच्या मूत्रपिंडांना एवढं कॅल्शियम सोसत नाही. म्हणून तिघींना ग्रोवर आणि कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, असं मी ठेवलं होतं. तरी पिशव्या थांबेनात.

शेवटी रविवारी खुराड्यासमोर पाट टाकून दोन तास बसले. टिकली वाटीकडे गेली की भुरी टोच मारून हाकलायची. वर चुरासुद्धा पिठासारखा बारीक. विकणाऱ्याने जाडा म्हणून दिलेला! कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेच रात्रीचे, पोटात दाणा जात नाही तेव्हाचे. जाडे तुकडे गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या जठरात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, पीठ लवकर निघून जातं. आता शिंपले मीच खलबत्त्यात कुटते, चाळणीवर उरतं तेच ठेवते. दुसरी वाटी समोरच्या कोपऱ्यात, भुरीला एकाच वेळी दोन्ही राखता येणार नाहीत इतकी लांब. चौथ्या दिवशी हे अंडं.

तलंगा लवकर अंड्यावर याव्यात म्हणून दिवस चौदा तासांचा करायला टायमरचा दिवा लावणार, असं आधी म्हटलं होतं. वायरही आणून ठेवली आहे. पण हे लिहिताना काळीचं वजन पुन्हा पाहिलं, अजून फार कमी आहे. अंग भरण्याआधी उजेडाने घाई केली तर अंडी बारीक येतात आणि अंडं घालताना अंग (अंडनलिका) बाहेर येण्याची भीती असते. दिवा नको. भुरी तर भारी जातीची, तिला सव्वीस-अठ्ठावीस आठवडेही लागू शकतील.

मात्र आत्ताच बाहेर डोकावले तर भुरी पेटीत शिरून पेंढा पाठीवर टाकत होती. संध्याकाळी दांडीवर बसली की तिची हाडं चाचपून बघते.