तुम्ही विचारलंत म्हणून: घरी वायफाय चालतं, मग बाहेर का नाही?

"घरी एकदम झकास चालतंय गं, पण ऑफिसात गेलं की कनेक्टेड दिसतं आणि काहीच उघडत नाही, वायफाय कार्ड गेलं असेल का?" हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलाय, हळदीकुंकवाला विचारलाय, आणि लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असतानासुद्धा विचारलाय. मी छोट्या ऑफिसांचं आयटी सपोर्टचं काम करते, फोर्ट, लोअर परळ, अंधेरी असं फिरत, त्यामुळे हे ओघानं आलंच. तर एकदाच नीट लिहून टाकते.

कार्ड (लॅपटॉपमधला वायफाय पकडणारा भाग) गेलेलं नाही. गेलं असतं तर घरीपण चाललं नसतं ना. बहुतेक वेळा होतं काय, की कोणीतरी एका जागेची सेटिंग थेट कार्डावर बसवून ठेवलेली असते, आणि लॅपटॉप तीच घेऊन मुंबईभर हिंडत असतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं उदाहरण देते. जीएसटीची कामं करतात, लॅपटॉप घेऊन क्लायंटकडे जातात. तक्रार अशी की मुलुंडला घरी ठीक, दादरला माहेरी अजिबात नाही, आणि गोरेगावच्या क्लायंटकडे कधी चालतं कधी नाही. हे "कधी चालतं कधी नाही" ऐकलं आणि मला जरा मजा वाटली, कारण आजार ओळखायला तेवढं पुरतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all, नेटवर्कची सगळी सेटिंग दाखवणारी कमांड) केलं तर डीएचसीपी (राउटरकडून नंबर आपोआप मिळण्याची सोय) समोर "नो", आणि आयपी, म्हणजे लॅपटॉपचा नेटवर्कवरचा नंबर, १९२.१६८.१.५०, हाताने टाकलेला. आता घरचा राउटर १९२.१६८.१.१, म्हणून घरी जमतंय. दादरचा राउटर १९२.१६८.०.१, म्हणजे लॅपटॉप ज्या गेटवेला (बाहेर जायच्या दाराला, म्हणजे राउटरला) हाक मारतोय तो तिथे नाहीच, सिग्नलच्या काड्या फुल आणि नेट शून्य. आणि गोरेगावला योगायोगाने राउटर परत १९२.१६८.१.१ च, त्यामुळे चालायचं, पण ज्या दिवशी तिथल्या राउटरने तोच ५० नंबर कोणाच्या तरी फोनला देऊन टाकलेला असेल त्या दिवशी दोघांची मारामारी. वहिनी म्हणाल्या, "अगं मला वाटलं त्यांच्याकडे पाऊस पडला की नेट जातं."

हे केलं कोणी, तर प्रिंटर बसवायला आलेल्या मुलाने. लाइट जाऊन आली की प्रिंटरचा नंबर बदलायचा आणि प्रिंट जायची नाही, म्हणून त्याने प्रिंटरचा नंबर पक्का केला (बरोबर) आणि जाता जाता लॅपटॉपचाही केला (कशाला?). पक्का नंबर हवा तो प्रिंटरला, आणि तोही राउटरमध्ये जाऊन रिझर्व्ह करायचा. फिरणारा लॅपटॉप कायम ऑटोमॅटिकवर, म्हणजे ज्या घरात जाईल तिथला राउटर त्याला आयपी, गेटवे, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारा) सगळं देतो. डीएचसीपी त्यासाठीच आहे.

आता कोणी म्हणेल आमच्या एका साइटवर पक्काच नंबर लागतो. लागू दे की. पण तो त्या नेटवर्कच्या नावावर टाका, कार्डाच्या नावावर नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून त्या एका वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलात तर आयपी असाइनमेंट फक्त त्याच नेटवर्कपुरतं बदलता येतं, जुन्या कंट्रोल पॅनेलच्या खिडकीतून केलंत की सगळीकडे लागू. आणि जिथे नंबर वाटणारा कोणी नाहीच, म्हणजे एखाद्या गाळ्यातलं मशीनचं नेटवर्क वगैरे, तिथे आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये अल्टरनेट कॉन्फिगरेशन म्हणून टॅब असतो, ऑटोमॅटिकला उत्तर नाही आलं तरच तो वापरला जातो. तो नाही भरला तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर घेतं. हा आकडा दिसला की समजायचं, राउटरने आपल्याला नंबर दिलेलाच नाही, पुढे ब्राउझरशी भांडण्यात अर्थ नाही.

दुसरा गुन्हेगार प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसातलं इंटरनेट ज्याच्यातून जातं ते मधलं मशीन. ऑफिसातल्या प्रॉक्सीचा पत्ता हाताने भरलेला, घरी आल्यावर तो सापडत नाही, आणि मग गंमत अशी की पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ही तपासणी) जातो पण वेबसाइट एकही उघडत नाही. लोक घरच्या नेटवाल्याला फोन करकरून शिव्या घालतात, तो बिचारा म्हणतो इकडून सगळं ओके आहे मॅडम, आणि खरंच ओके असतं! घरी मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा आणि ऑफिसच्या ॲडमिनला सांगा की स्क्रिप्ट किंवा ऑटो डिटेक्ट द्या (म्हणजे प्रॉक्सी कुठे वापरायचा ते लॅपटॉप आपोआप ठरवेल), रोज चालू-बंद करत बसणं हा उपाय नाही.

स्टेशनचं वायफाय ही वेगळीच जात. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलने (रेल्वेची टेलिकॉम कंपनी) ते पहिल्यांदा सुरू केलं, पुढे गूगल बाजूला झालं आणि रेलटेलचं चालू राहिलं. तिथे आधी लॉगिनचं पान यायला लागतं, मोबाइल नंबर, ओटीपी वगैरे. लॅपटॉपवर ते पान येत नाही अशी तक्रार असते. बऱ्याचदा कारण हे की तुम्ही कुठेतरी वाचून डीएनएस ८.८.८.८ (गूगलचा) करून ठेवलेला असतो, किंवा ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस (डीएनएसची विचारणा लपवून पाठवणारी सोय) चालू असतो, किंवा व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे लपवून नेणारी जोडणी) आधीच सुरू असतो, आणि त्या पानाकडे वळवणारी यंत्रणाच तुम्ही टाळलेली असते. तेवढ्यापुरतं ते बंद करा आणि एचटीटीपीएस नसलेली (पत्ता नुसत्या http:// ने सुरू होणारी) एखादी साधी साइट उघडा, पान येतं. बँकेचं काम मात्र तिथे नको, त्याला आपला हॉटस्पॉट बरा.

हॉटस्पॉटवरून आठवलं, आयफोनचा हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपला दिसत नसेल तर फोनमध्ये मॅक्झिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी चालू करा. जुनी कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, ५ वालं त्यांना दिसतच नाही. तसंच राउटर नवीन आणून त्यावर नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवलंत तर जुनं कार्ड दारातच अडतं, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स ठेवा. आणि काही ऑफिसांत तुमच्या कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा मूळचा ओळख नंबर) लिहून घेऊन मगच आत सोडतात, तिथे रँडम हार्डवेअर ॲड्रेस (खऱ्याऐवजी दुसराच नंबर दाखवणारी सोय) चालू असेल तर आज आत, उद्या बाहेर असं होऊ शकतं. त्या एका नेटवर्कसाठी रँडम बंद करायचं, बाकी ठिकाणी चालू राहू दे.

ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवाल्यांना नेटवर्कमध्ये लोकेशन्स म्हणून सोयच दिलेली आहे, घर आणि ऑफिस असे वेगळे सेट. लिनक्सवाले मला विचारत नाहीत, त्यांच्याकडे नेटवर्क मॅनेजर प्रत्येक वायफायचं वेगळं प्रोफाइल ठेवतो, आणि तरी ते रात्री दोनला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शोधत असतात, असो.

नेटवर्क रीसेट हे बटण वैतागून दाबू नका. सगळे सेव्ह केलेले पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवायला लागू शकतो. आधी फक्त त्या एका नेटवर्कला फरगेट करून परत जोडा, पासवर्ड बदललेला असेल तर तेवढ्यात भागतं.

आणि कार्ड खरंच गेलं हे कधी म्हणायचं? फोनचा २.४ चा हॉटस्पॉट शेजारी ठेवूनसुद्धा दिसत नाही, कुठल्याच जागी कुठलंच नेटवर्क दिसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण किंवा कार्डाचं नावच गायब, ड्रायव्हर परत टाकूनही तेच, आणि एअरप्लेन मोडची की चुकून दाबलेली नाही हेही बघून झालंय. मग लॅमिंग्टन रोडला जा, यूएसबी डाँगल घ्या, ड्युअल बँडच (२.४ आणि ५ दोन्ही पकडणारं) घ्या, आणि दुकानातच आपल्या लॅपटॉपला लावून फोनच्या हॉटस्पॉटवर दोन मिनिटं चालवून बघा, मगच पैसे द्या.