तुम्ही विचारलंत म्हणून : एवढी जड घंटा ओढून हात भरून येत नाहीत का?

इंग्लंडमधल्या लफबरोजवळच्या एका गावात, चर्चच्या मनोऱ्यात मी घंटा वाजवते, हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढी जड घंटा ओढून हात भरून येत नाहीत का?" लेस्टरला गणपतीच्या आरतीनंतर कुणी ना कुणी विचारतंच, पुण्याला गेले की आत्या विचारते. "पण तुम्हाला चालतं का तिथे?" हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर सोपं आहे: मला कुणी कधी धर्म विचारला नाही, आणि आमच्यातले बरेच जण वाजवून झालं की प्रार्थनेला न थांबता घरी जातात. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा बसून उत्तर द्यायला हवं.

घंटा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती खाली तोंड करून टांगलेली. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली किंवा मेणवलीची पोर्तुगीज घंटा आठवा. घंटा जागच्या जागी, हलतो तो लोलक. इंग्लंडच्या गावोगावच्या मनोऱ्यांत उलटं आहे. वाजवायला सुरुवात होते तेव्हा घंटा तोंड आभाळाकडे करून उभी असते. एका आडव्या तुळईला ती घट्ट बोल्ट केलेली, तुळई दोन्ही टोकांना बेअरिंगवर, आणि बाजूला माणसाएवढं लाकडी चाक. चाकावरून दोर खालच्या मजल्यावर, आमच्या खोलीत उतरतो. दोराला ठरावीक उंचीवर लोकरीचा जाडजूड, रंगीत झुबका विणलेला असतो, त्याला सॅली म्हणतात.

सॅली धरून हलकं खेचलं की वरची घंटा तोल सोडते, खाली येते, पूर्ण गोल फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढते आणि तोंड वर करून क्षणभर थांबते. हा हँडस्ट्रोक. तेवढ्यात सॅली हातातून सुटून छताकडे गेलेली असते आणि हातात उरतं दोराचं शेवटचं टोक. ते खेचलं की घंटा आली त्याच वाटेने उलट फिरून पहिल्या जागी जाते. हा बॅकस्ट्रोक. आमच्या मनोऱ्यातली सर्वात मोठी घंटा साधारण 700 किलोची आहे, पण ते वजन बेअरिंग पेलतात. माझ्याकडे उरतं ते झोक्यावरच्या मुलाला योग्य वेळी हात लावण्याइतकंच काम. वेळ साधली तर बारा वर्षांची मुलगी ती घंटा वाजवते, आणि चुकली तर जिममध्ये कमावलेले दंड काही कामाचे नाहीत. नवीन येणाऱ्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांना हेच शिकवणं सर्वात अवघड जातं. ते ओढतातच.

ज्यादा ओढलं तर काय होतं? तोलाच्या बिंदूपलीकडे घंटा जाऊ नये म्हणून तुळईला ॲश लाकडाची एक उभी दांडी बसवलेली असते, तिला स्टे म्हणतात. घंटा जोरात आली की दांडी तुटते. ती तुटावी अशीच बनवलेली असते, म्हणजे चौकट वाचते. मग घंटा पलीकडे उलटून फिरत राहते, दोर भराभर वर जातो, आणि तो धरून ठेवणाराही वर जातो. म्हणून पहिल्या दिवशी शिकवतात ते दोर सोडायला.

आता खरी अडचण. दोर खेचला त्या क्षणी घंटा वाजत नाही. ती वरून सुटते, तळ ओलांडते, दुसऱ्या बाजूने चढायला लागते, आणि तेव्हा कुठे लोलक तिला गाठतो. हाताची हालचाल आणि आवाज यांत सेकंदभर तरी जातो, मोठ्या घंटेला त्याहून जास्त. इकडे आठ घंटा एकामागून एक वाजत असताना दोन टोल्यांमधलं अंतर असतं जेमतेम पाव सेकंद. म्हणजे मी हात हलवते ते अजून न वाजलेल्या जागेसाठी, आणि जागा सापडली की हुकली हे कानाला नंतर कळतं. तबल्यावर हात पडतो तिथेच बोल निघतो. ही चैन आम्हाला नाही. म्हणून आम्ही गोल उभे राहून एकमेकांचे दोर बघतो. कुणाच्या पाठोपाठ आपला दोर खाली यायला हवा हे डोळ्यांनी धरायचं आणि शिक्षा कानांकडून घ्यायची.

प्रत्येक घंटेचा स्वभावही निराळा. सर्वात लहान, तार स्वराची ट्रेबल चटपटीत असते. जरा हात जड पडला की उधळते, तिला सतत आवरावं लागतं. मोठी टेनर संथ. एकदा लय सापडली की तासन्‌तास प्रामाणिक वागते, पण लय बिघडली तर सावरायला चार-पाच फेऱ्या खाते. आमची सहावी हँडस्ट्रोकला वेळेवर बोलते आणि बॅकस्ट्रोकला किंचित उशिरा, कारण तिचा लोलक अगदी मध्यावर लटकत नाही. तिच्यासाठी बॅकस्ट्रोक नेहमी जरा आधी खेचायचा. दोर तागाच्या जातीचा असेल तर पावसाळी हवेत आखडतो, मग टोकाची गाठ बदलावी लागते. शिवाय फिरणारी घंटा मनोऱ्याला आडवा रेटा देते तो तिच्या वजनाच्या जवळपास दुप्पट. सगळ्या फिरू लागल्या की मनोरा हलतो आणि पायांना ते कळतं.

आवाजाबद्दल कुणी विचारत नाही, तरी सांगते, कारण गाणं शिकलेल्यांना यात रस वाटेल. घंटेचं कांसं म्हणजे ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील. एका टोल्यात अनेक स्वर असतात. चांगल्या सुरात लावलेल्या घंटेत षड्ज, त्याच्याखाली खर्ज, वर पंचम आणि तार षड्ज, आणि शिवाय ठळक कोमल गंधार. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार शुद्ध, घंटेचा मात्र कोमल. लग्नाच्या दिवशी वाजवली तरी घंटा थोडी उदास वाटते ती त्यामुळे, असं माझं मत. हे स्वर एकमेकांशी जुळवून घ्यावेत, असा आग्रह 1890 च्या दशकात आर्थर सिम्पसन नावाच्या पाद्र्याने धरला आणि लफबरोच्या, घंटा ओतणाऱ्या टेलर कारखान्याने तो मनावर घेतला. घंटा लेथवर फिरवून आतून धातू कातून काढायचा, कुठे किती कातला यावर कुठला स्वर उतरतो हे ठरतं. कातलेलं परत चिकटवता येत नाही.

नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतो. मग एक फेरी खणखणीत, दुसरी लांबून आल्यासारखी. मला वर्षभरातलं हेच वाजवणं सर्वात आवडतं.

"पण तुम्ही गाण्याची चाल का वाजवत नाही?" कारण घंटा हवी तेव्हा थांबवता येत नाही. तोलाशी जरा धरून ठेवली तर एक जागा मागे जाते, झोका थोडा आखडता घेतला तर एक जागा पुढे येते, बस्स. म्हणून दर फेरीला शेजारी-शेजारी जागा बदलतात आणि क्रम बदलत जातो. एकही क्रम पुन्हा यायचा नाही, कागद समोर ठेवायचा नाही. सात घंटांचे क्रम होतात 5040. ते सगळे एका दमात वाजवले की त्याला पील म्हणतात. नॉर्विचच्या सेंट पीटर मँक्रॉफ्ट चर्चमध्ये 2 मे 1715 रोजी अशी पहिली पील वाजली. हा आकडा ऐकला की मला आपला संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेव आठवतो. त्याने तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असताना, सात स्वरांच्या 5040 ताना मोजून ठेवल्या होत्या. आठ घंटांचे क्रम 40,320. तेही लफबरोच्या कारखान्याच्या मनोऱ्यात आठ जणांनी जुलै 1963 मध्ये पूर्ण वाजवले, बदली वादक न घेता, 17 तास 58 मिनिटांत.

पुणेकरांनी हे सगळं परदेशी म्हणून सोडून देऊ नये. टिळक-रानड्यांच्या चहाने गाजलेल्या पंचहौद मिशनात, गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात, लफबरोलाच ओतलेल्या आठ घंटा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या तिकडे गेल्या, आणि टांगल्या आहेत त्याही अशाच, पूर्ण गोल फिरणाऱ्या पद्धतीने. माझी आत्या तिथून चालत दहा मिनिटांवर राहते आणि हात भरून येत नाहीत का, हे मला विचारते.

तर, हात भरून येत नाहीत. पाय येतात. पीलला तीन तासांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ एका जागी उभं राहायचं, पाण्याचा घोटही नाही, कारण दोर एका फेरीपुरताही सोडता येत नाही. इथे कधी आलात तर सरावाच्या संध्याकाळी जरूर या, कुणीही नाही म्हणणार नाही. ओढणी किंवा लांब स्कार्फ मात्र खाली ठेवून या, आणि दोर नुसता लोंबताना दिसला तरी त्याला हात लावू नका. वर घंटा कुठल्या अवस्थेत उभी आहे हे खालून दिसत नाही.