झेडलिबचा पॅच सांभाळताना: १.२.११ ते १.२.१३

डेटा दाबणारी आणि उलगडणारी लायब्ररी झेडलिब. तिची १.२.११ आली जानेवारी २०१७ मध्ये, १.२.१२ थेट मार्च २०२२ मध्ये. डिफ्लेटमधली, म्हणजे डेटा दाबणाऱ्या भागातली, मेमरी बिघडवणारी चूक मात्र मूळ रिपॉझिटरीत एप्रिल २०१८ मध्येच दुरुस्त झाली होती. रिलीज नाही, सीव्हीई (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला) क्रमांक नाही, त्यामुळे अशा त्रुटी शोधणारे स्कॅनर गप्प. सीव्हीई-२०१८-२५०३२ हा क्रमांक मिळाला तोही २०२२ मध्ये. एआरएम प्रोसेसरवरच्या एका फर्मवेअरसाठी (उपकरणातल्या सॉफ्टवेअरसाठी) या दुरुस्तीचा पॅच मी कसा वागवला ते लिहितो.

आधी फर्मवेअरमधल्या झेडलिबच्या प्रती शोधल्या. एलडीडी ही कमांड फक्त शेअर्ड, म्हणजे वेगळ्या फाइलमधल्या लायब्ररी दाखवते. स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे प्रोग्राममध्येच मुरलेल्या प्रती त्यात दिसत नाहीत. प्रत्येक बायनरीवर स्ट्रिंग्ज (आतला मजकूर काढणारी कमांड) चालवून त्यात 'डिफ्लेट १.२' ग्रेपने शोधावं, कॉपीराइटची ओळ सहसा सापडतेच.

मग १.२.११ च्या टॅगवर दुरुस्तीचं तेवढंच कमिट चेरी-पिक केलं, म्हणजे एकटा तो बदल उचलून लावला. डिफ्लेट आणि ट्रीज या दोन सी फायली आणि डिफ्लेटची हेडर, एवढाच पसारा. डिफ्लेट पुन्हा आलेला मजकूर (मॅच) 'इतकं मागे आहे' अशा अंतराने नोंदवतं. जुन्या कोडमध्ये या अंतरांचा बफर पेंडिंग बफरच्याच, म्हणजे दाबलेले बिट्स साठतात त्याच जागेत बसवलेला होता. फिक्स्ड हफमन कोड (चिन्हांना बिट्स देणारा आधीच ठरलेला तक्ता) असताना लांबच्या मॅचेस खूप आल्या, की बाहेर पडणारे बिट्स अजून न वाचलेल्या अंतरांवर लिहिले जात. कमिटच्या संदेशात फक्त झेड-फिक्स्ड स्ट्रॅटेजीचा (नेहमी फिक्स्ड कोडच वापरायला लावणाऱ्या पर्यायाचा) उल्लेख आहे, पण 'आपण ती वापरत नाही' म्हणून सोडू नये: डिफॉल्ट स्ट्रॅटेजीतही एखादा ब्लॉक फिक्स्ड कोडने जाऊ शकतो.

मेक टेस्ट, म्हणजे झेडलिबची स्वतःची चाचणी, इथे काहीच सांगत नाही. ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधनही चुकीचं लेखन पकडत नाही, कारण दोन्ही बफर एकाच ॲलोकेशनमध्ये आहेत. बिघडलेलं अंतर टेबलाबाहेर गेलं तरच ते ओरडतं. म्हणून झेड-फिक्स्ड लावून, लांबच्या मॅचेस भरपूर असलेला डेटा दाबून, पुन्हा उलगडून मूळ फाइलशी बाइट-न्-बाइट ताडून पाहिला.

व्हर्जनचा भाग लोक हमखास विसरतात. पॅच लावूनही लायब्ररी स्वतःला १.२.११च म्हणवते, आणि स्कॅनर पुढे तेवढ्यावरूनच बोंब मारतो. बदललेला सोर्स तसा स्पष्ट दाखवावा, असं झेडलिबचं लायसन्सही सांगतं. मी हेडरमध्ये १.२.११.१ आणि पुढे आमचा प्रत्यय लावला. इनिट फंक्शन्स व्हर्जनचं पहिलं अक्षरच तपासतात, त्यामुळे जुने प्रोग्राम अडत नाहीत. बिल्डची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट शेअर्ड फाइलचं नाव हेडरमधल्या याच ओळीतून घेते, तेव्हा पॅकेजिंगमधली नावं बदलावी लागतात. एसओनेम (प्रोग्राम ज्या नावाने शेअर्ड लायब्ररी शोधतात ते) मात्र तेच राहतं. कॉपीराइटची स्ट्रिंग वेगळी आहे, तीही बदलावी. नाहीतर वरची स्ट्रिंग्जची युक्ती आपल्यालाच फसवते.

१.२.१२ आली तेव्हा हा पॅच काढला आणि पॅचच्या त्याच फोल्डरमध्ये दुसरा घातला: तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट आपण दिलेला सीसी (कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारं व्हेरिएबल) टाकून देत होती, म्हणजे एआरएमसाठी कोड बनवणारा क्रॉस-कंपायलरच गायब. ऑगस्टमध्ये इन्फ्लेटचा, म्हणजे उलगडणाऱ्या भागाचा, सीव्हीई-२०२२-३७४३४ जाहीर झाला, त्याचाही पॅच तिथेच गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये १.२.१३ आल्यावर फोल्डर रिकामं झालं.