रे रोडचा रे शोधताना

बाबांचा मुंबईच्या लोकलचा पास कायम मानखुर्द ते रे रोड असा असायचा. रे रोडजवळच्या दारूखाना भागात लोखंडाच्या एका वखारीत त्यांनी २९ वर्षं हिशेब लिहिला. लहानपणी मला वाटायचं, 'रे' ही कुणीतरी कुणाला मारलेली हाक असावी. स्टेशनाच्या नावामागे माणूस असतो हे तेव्हा डोक्यातच नव्हतं.

गेली काही वर्षं मी एडिंबऱ्यात राहते. मागच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या पार उत्तरेच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. केथनेसमध्ये एका वळणावर गावाची पाटी दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली. रे रोडच्या फलाटावर इंग्रजीत जी अक्षरं आहेत, तीच इथे होती. उच्चारही तोच, रे. फोटो काढून बाबांना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला.

"अगं, हे तर आपलं स्टेशन. कोण होता तो रे, बघ ना जरा."

पहिलं उत्तर तासाभरात मिळालं. डोनाल्ड जेम्स मकाय, ११वे लॉर्ड रे, १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर. कुर्ला ते रे रोड ही हार्बरची गाडी सुरू झाली १९१०च्या डिसेंबरात, म्हणजे साहेब परत जाऊन २० वर्षं झाल्यावर. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे छापील झालं. मूळ कागद कुठाय?" जन्मभर पावतीशिवाय एक आकडा खतावणीत न चढवलेला माणूस तो. मलाही ते पटलं, आणि पुढचे सात महिने सुट्टीचा जवळजवळ प्रत्येक दिवस त्यात गेला.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून केली. वंश शोधताना मागे मागे जायचं असतं, त्यामुळे शेवटचा कागद आधी हाती हवा. स्कॉटलंडमध्ये १८५५पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सक्तीची नोंद आहे आणि 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर ती बघता येते. नावांची यादी चाळायला पैसे पडत नाहीत. मूळ पानाचं चित्र उघडायचं तर आधी विकत घेतलेले क्रेडिट खर्ची पडतात. मी 'रे' हे आडनाव समजून शोधत बसले आणि भलत्याच लोकांची तीन पानं उघडली. रे ही पदवी आहे. आडनाव मकाय. आपण इंग्रजी स्पेलिंग बघून मॅके म्हणतो. इथे तसं म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि मग हळूच "मकाय?" असं विचारतो. उमरावाचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की आडनाव आणि पदवी दोन्ही टाकून बघा.

मग मृत्यूची नोंद सापडली. १ ऑगस्ट १९२१, अर्लस्टन गावाजवळचं कॅरलसाइड. स्कॉटिश मृत्युनोंदीची मोठी सोय अशी, की तिच्यात वडिलांच्या नावाबरोबर आईचं माहेरचं आडनावही असतं. इंग्लंडच्या त्या काळच्या नोंदीत ते नसतं. इथे आई फाखेल घराण्यातली. हे आडनाव स्कॉटिश नाही, इंग्रजही नाही. फाखेल हे हॉलंडमधलं मोठं मुत्सद्दी घराणं. त्यांचा प्रचंड ग्रंथसंग्रह १८०२ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने विकत घेतला, तो आजही तिथे आहे. म्हणजे आमच्या स्टेशनाचा लॉर्ड आईकडून डच. जन्माची नोंद शोधली तर तीही हेगचीच निघाली, २२ डिसेंबर १८३९. डच नोंदवह्या घरबसल्या फुकट बघायला मिळतात. भाषेची भीती होती, पण जन्मनोंदीचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो. चार-पाच शब्द ओळखीचे झाले की नावं आणि तारखा सुटतात.

आता खरा प्रश्न उभा राहिला. हेगमध्ये जन्मलेला, लायडनला शिकलेला, १८७१ ते १८७५ डच संसदेत बसलेला माणूस स्कॉटलंडच्या एका कुळाचा प्रमुख होतो कसा?

याला मला तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा तर कुठल्याशा आयत्या वंशावळीने खाल्ला. तिथे कुणीतरी पहिल्या लॉर्डची मुलं ११व्याच्या नावावर चढवली होती, कारण दोघेही डोनाल्ड. ११व्याला मूलबाळ नव्हतंच. शेवटी मी आलेखाचा मोठा कागद घेतला आणि स्वतः हाताने वंशावळ मांडली.

पहिला डोनाल्ड मकाय १६२६ साली हजारो माणसांची पलटण उभारून युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात आधी डेन्मार्कच्या आणि मग स्वीडनच्या राजासाठी लढला. १६२८मध्ये त्याला लॉर्ड रे ही पदवी मिळाली आणि युद्धाच्या खर्चापायी डोक्यावर कर्ज झालं. जमिनी विकायची सुरुवात त्याच्याच हातून झाली. दुसऱ्या लॉर्डचा एक धाकटा मुलगा, ईनियस, हॉलंडच्या चाकरीतल्या स्कॉट्स ब्रिगेडमध्ये अधिकारी झाला. त्याचे वंशज तिकडेच राहिले, डच बोलू लागले, डच घराण्यांत लग्नं केली, बॅरन झाले. इकडे थोरली शाखा चालू राहिली, ती १८७५ साली नववे लॉर्ड अविवाहित वारले तेव्हा खुंटली. पदवी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी फुटलेल्या फांदीकडे गेली. आपल्याकडे निपुत्रिक गेलेल्याच्या गादीवर भाऊबंदांतून दत्तक घेतात. इथे दत्तक चालत नाही. जिवंत असलेल्या सर्वांत जवळच्या पुरुष वंशजाकडे पदवी आपोआप चालत जाते, मग तो कुठल्याही देशाचा असो. डोनाल्डचे वडील दहावे लॉर्ड झाले, पण वर्षही पुरं झालं नाही. मार्च १८७६मध्ये ते गेले आणि ३६ वर्षांचा डोनाल्ड ११वा लॉर्ड रे झाला.

पुढच्याच वर्षी त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि कॅप्टन अलेक्झांडर मिचेल यांची विधवा फॅनी हिच्याशी लग्न केलं. कॅरलसाइडचं घर या लग्नातून त्याच्या आयुष्यात आलं. अर्लस्टनला जेडबर्गच्या बसने जाता येतं. लीडर नदीकाठचं ते घर आजही खासगी आहे. मी रस्त्यावरूनच झाडी बघितली आणि परतले. आपल्याकडे विधवाविवाहावरून अजून वाद चालू होते त्या काळात मुंबईच्या गव्हर्नरची बायको स्वतः पुनर्विवाहित होती, हे मला त्या बसथांब्यावर उभं असताना सुचलं.

हे झालं कुटुंब. बाबांनी दुसरा प्रश्न विचारला, तो वखारीतल्या माणसाचाच होता. "जमीन किती होती?"

जमिनीसाठी मात्र संगणकापुढून उठून अभिलेखागारात जावं लागलं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, वेलिंग्टनच्या अश्वारूढ पुतळ्याच्या मागे जनरल रजिस्टर हाउस आहे. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवून वाचकाचं कार्ड काढायचं, पिशवी कपाटात ठेवायची, आत फक्त पेन्सिल न्यायची. रे घराण्याची कागदपत्रं तिथे जीडी ८४ या क्रमांकाखाली आहेत. सगळे गठ्ठे त्या इमारतीत नसतात, काही दुसरीकडच्या गोदामातून मागवावे लागतात, ते आधी कळवलं तरच येतात. मी पहिल्या दिवशी न कळवता गेले आणि रजा वाया घालवली. चूक माझीच होती, सूचना स्पष्ट लिहिलेली असते.

त्या दिवशी खोलीत बसून निदान शब्द शिकून घेतले. टॅक म्हणजे जमिनीचा भाडेपट्टा. वॉडसेट म्हणजे ताबेगहाण. आणि सेसीन. हा शब्द मी कधीच विसरणार नाही. जमीन विकली की नुसतं खरेदीखत पुरत नसे. त्या जमिनीवर जाऊन, साक्षीदारांसमोर, नव्या मालकाच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या हातात तिथली माती आणि दगड ठेवायचे. मग ताबा पुरा. त्याचा लेख सेसीनच्या नोंदवहीत चढायचा आणि ती नोंदवही १६१७पासून चालू आहे. प्रत्यक्ष माती हातात देण्याची ही रीत १८४५च्या कायद्याने गेली. सातबारा आणि फेरफार यांच्यात वाढलेल्या मला हे वाचताना अंगावर काटा आला. बाबांच्या वडिलांनी गावची जमीन सोडली तेव्हा बांधावरची मूठभर माती धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती, अशी घरात आठवण आहे.

सातव्या लॉर्डने १८२९ साली उरलेला सगळा मुलूख शेजारच्या सदरलंड घराण्याला ३ लाख पौंडांना विकला. टंग, डर्नेस, एड्राखिलिस हे तीन परगणे, खाड्या, डोंगर, हरणांची रानं, सगळं. माती आणि दगड देण्याची रीत तेव्हा चालू होती. आमचा डोनाल्ड त्यानंतर दहा वर्षांनी जन्मला. म्हणजे त्याला पदवी मिळाली तेव्हा तिच्यासोबत पिढीजात जमिनीचा तुकडाही आला नाही.

याची खात्री करायला मी मूल्यांकनाच्या वह्या उघडल्या. या करआकारणीच्या. प्रत्येक घर, शेत, शिकारीचं रान, त्याचा मालक, भाडेकरू आणि वार्षिक मोल. १८५५पासूनच्या आहेत. डर्नेसची पानं मी एका संध्याकाळी ओळीने वाचत गेले. मालकाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा ड्यूक ऑफ सदरलंड. १८७४च्या सरकारी यादीत या ड्यूकच्या नावावर सदरलंड जिल्ह्यातच ११ लाख ७६ हजार एकर आहेत. याच घराण्याच्या कारभाऱ्यांनी १८१४ आणि १८१९मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातल्या कुळांची घरं पेटवून माणसं हुसकावली आणि मेंढ्या आणल्या. हुसकावलेल्यांत असंख्य मकाय होते. पहिल्या लॉर्डने कर्जापायी जे सोडलं त्यात हे खोरं होतं. बेटीहिल गावात जुन्या चर्चमध्ये त्याचं संग्रहालय आहे. मी त्या उन्हाळ्यात तिथे गेले होते, पण तेव्हा मला ही साखळी ठाऊक नव्हती. पुन्हा जायचं आहे.

१८८१ साली डोनाल्डला संयुक्त राज्याची वेगळी बॅरनकी मिळाली. स्कॉटिश लॉर्डांना उमरावांच्या सभागृहात आपोआप जागा नसे, त्यांच्यातून १६ जण निवडले जात, म्हणून ही नवी पदवी. तिचं नाव 'बॅरन रे ऑफ डर्नेस'. जिथली एकही ओळ त्याच्या नावावर नव्हती त्याच डर्नेसचं. हे वाचून मला फार वाईट वाटलं आणि तो माणूस पहिल्यांदा जवळचा वाटला.

मुंबईतल्या त्याच्या पाच वर्षांकडे मी मुद्दाम शेवटी वळले. १८८८मध्ये त्याने आर्थर क्रॉफर्ड या बड्या कमिशनरला लाचखोरीच्या आरोपावरून निलंबित केलं. पैसे देऊन बढती घेतलेल्या मामलेदारांनी साक्ष द्यावी म्हणून त्यांना अभय दिलं. चौकशीत लाच सिद्ध झाली नाही, तरी हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याबद्दल क्रॉफर्डची नोकरी गेली. सगळ्या मामलेदारांना नोकरीत ठेवता येणार नाही, म्हणजे अभयाचा शब्द मोडायचा, असं वरच्या सरकारात ठरायला लागलं, तेव्हा त्यांच्या बाजूने टिळक पुण्यात उभे राहिले. आपलाच गोरा अधिकारी चव्हाट्यावर आणणं त्या काळी सोपं नव्हतं, आणि या एका गोष्टीसाठी मी रेसाहेबांना मानते. त्याच सुमाराला, १८८८ ते १८९१, हॉलंडचा पंतप्रधान कोण होता? ईनियस मकाय, त्यांचा सख्खा चुलतभाऊ. एक भाऊ मुंबईत, दुसरा हेगमध्ये.

पुण्याची मंडई १८८६मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. मुंबईत क्रॉफर्डच्या नावाची मंडई. ज्याने निलंबित केलं त्याची आणि ज्याला केलं त्याची, दोन्ही मंडयांना आज महात्मा फुल्यांचंच नाव आहे.

१९२१च्या ऑगस्टमध्ये डोनाल्ड गेला आणि डर्नेसची बॅरनकी त्याच्याबरोबर संपली. मूळची पदवी डच नातेवाईक एरिककडे गेली. तोही त्याच वर्षी वारला. पदवी पुढे त्याच्या घराण्यात चालू राहिली.

मार्चमध्ये मी सगळ्या नोंदींच्या छापील प्रती, हाताने काढलेली वंशावळ आणि प्रत्येक कागदाला क्रमांक अशी फाइल मानखुर्दला पाठवली. आठ दिवसांनी फोन आला. बाबांनी ती पेन्सिल घेऊन पहिल्यापासून तपासली होती.

"सेसीनचं ते पान आईला वाचून दाखवलं," ते म्हणाले. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि नवव्याच्या मृत्यूचा कागद लावला नाहीस. १८७५. त्याच्यावरच तर सगळी वाटणी फिरते."

खरं आहे. तो आता शोधते आहे.