लक्ष न लागणे मेंदूलेखात दिसते का?

एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न लागणे आणि अतिचंचलता ही लक्षणे असलेल्या विकाराचे, निदान आजही प्रामुख्याने विचारपूस आणि निरीक्षण यांवरच होते. मुलाची लक्षणे वयाच्या 12 वर्षांपूर्वी सुरू झाली का, ती घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसतात का, त्यांमुळे त्याचे रोजचे व्यवहार अडतात का, हे पालक आणि शिक्षकांकडून जाणून घेऊन डॉक्टर निष्कर्ष काढतात. ज्या पालकांनी आपल्या मुलावर ‘आळशी’ असा शिक्का बसलेला वर्षानुवर्षे पाहिला आहे, त्यांना यंत्राने दिलेला आकडा हवाहवासा वाटला तर त्यात नवल नाही. म्हणूनच ईईजीने, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद करणाऱ्या मेंदूलेखाने, हा विकार ओळखता येतो, असे कोणी सांगते तेव्हा ते नीट तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

कल्पना जुनी आहे. हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूलेखाविषयीचा पहिला शोधनिबंध 1929 मध्ये प्रसिद्ध केला, आणि 1938 मध्ये हर्बर्ट जॅस्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या मेंदूच्या पुढील भागात मंद लहरींची नोंद केली. त्यातूनच पुढे थीटा आणि बीटा लहरींच्या गुणोत्तराचा विचार आला. थीटा लहरींची आवर्तने सेकंदाला साधारण 4 ते 8 असतात, बीटाची 13 ते 30. मंद लहरी जास्त आणि जलद लहरी कमी असतील, तर गुणोत्तर वाढते. 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने या गुणोत्तरावर आधारलेल्या ‘नेबा’ या चाचणीला 6 ते 17 वर्षे वयोगटासाठी परवानगी दिली, पण ती डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून, तपासणीऐवजी नव्हे. जाहिरातींत नेमका हाच भाग गळतो.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने हे गुणोत्तर निदानासाठी भरवशाचे नाही, असा निष्कर्ष काढला. विकार नसलेल्या मुलांमध्येही ते नव्या अभ्यासांत वाढलेले दिसत होते, त्यामुळे दोन गटांमधले अंतरच घटले होते. 2016 मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनेही संशोधनाबाहेर, निदानावर शिक्कामोर्तब करण्यासाठी या गुणोत्तराचा वापर करू नये, असा सल्ला दिला. कारणे समजून घेण्याजोगी आहेत. थीटा लहरी लहान वयात मुळातच जास्त असतात आणि वयाबरोबर कमी होतात. झोप अपुरी झालेल्या, पेंगुळलेल्या मुलातही त्या वाढतात. आणि डोक्याच्या त्वचेवर जेमतेम काही मायक्रोव्होल्ट भरणाऱ्या या संकेतात पापणीची एक उघडझाप कितीतरी मोठा अडथळा आणते. म्हणजे रात्री नीट न झोपलेले मूल चाचणीला बसवले, तर आकडा विकाराचा की थकव्याचा, हे आकड्यावरून कळत नाही.

हल्ली यंत्रशिक्षणाच्या, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवण्याच्या तंत्राच्या, आधारे फार उच्च अचूकतेचे दावे होतात. तिथे मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की एकाच मुलाच्या नोंदीचे तुकडे शिकवण्यासाठीही आणि परीक्षेसाठीही वापरले आहेत का. तसे असेल, तर संगणकाने विकार ओळखलेला नसून ते मूल ओळखलेले असू शकते. दावा खरा धरला तरी गणित कठोरच आहे. समजा, 1000 मुलांपैकी 50 जणांना विकार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे. विकार असलेल्यांपैकी 45 जण सापडतील. पण उरलेल्या 950 पैकी 95 निरोगी मुलांवरही तोच शिक्का बसेल. डॉक्टरांनी आधीच संशय घेतलेल्या मुलांत हे प्रमाण सुधारते, म्हणून सरसकट सगळ्या मुलांची अशी चाचणी करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

तरीही ईईजी निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. बोलता बोलता काही सेकंद मूल एकदम थांबते, नजर स्थिर होते, हाक ऐकू येत नाही आणि लगेच ते पूर्ववत होते. शिक्षकांना हे दुर्लक्ष वाटते, पण तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो, आणि त्यात मेंदूलेखावर सेकंदाला सुमारे 3 या गतीने उमटणारे टोकदार तरंग डॉक्टरांना ओळखता येतात. त्याचे उपचार एडीएचडीच्या उपचारांपेक्षा अगदी वेगळे आहेत. अशी लक्षणे दिसणाऱ्या मुलाचा ईईजी काढायला पालकांनी मुळीच टाळाटाळ करू नये.