द्राक्षांच्या गावात क्राफ्ट बिअर: माझा अनुभव

नाशकात राहून बिअरची आवड असणं जरा गैरसोयीचंच आहे. पाहुणे आले की त्यांना गंगापूर रोडने वायनरीत न्यायचं, द्राक्षाचे वेल दाखवायचे, चार घोट चाखवायचे, हा आता गावाचा रिवाज. १९९९ मध्ये सुला आली, २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि गाव वाईनचं झालं ते झालंच. बिअर म्हटलं की मात्र साडेसहाशे मिलीची स्ट्राँग बाटली, काळी पिशवी आणि खारे शेंगदाणे. ज्याला ते आवडतं त्याने जरूर प्यावी. मला पुण्यात गव्हाच्या ताज्या बिअरची चटक लागली आणि इथे तसं काही मिळतं का, याचा शोध सुरू झाला.

आधी परवाना काढला. यावर मित्र अजून हसतात. पण १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना लागतोच. विदेशी मद्यासाठी (कायद्याच्या भाषेत बिअरही त्यातच) एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि कायमचा १०००, असे मी काढला तेव्हाचे दर. वयाची अट बिअरला २१, कडक दारूला २५. अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बस. माझा फोटो दोनदा परत आला, कारण फाइल मोठी होती. चौकशीला गेलो तेव्हा खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, हे कोणी विचारतं का तुम्हाला? दुकानात जायचं, घ्यायचं, निघायचं." मी म्हटलं, घरात दोन खोके आणून ठेवायचे आहेत. मग त्यांनी वर बघून माझा चेहरा नीट पाहिला. कायमचा परवाना मिळाला, पाकिटात आहे, आणि आजवर एकाही दुकानदाराने तो मागितलेला नाही.

खरी मेहनत दुकानांत लागली. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, जिथे जिथे वाईन शॉप किंवा बिअर शॉपी दिसली तिथे डोकावलो. बहुतेक ठिकाणी ठरलेला संवाद.

"माइल्डमध्ये काय आहे?"

"माइल्ड कोण घेतं दादा? स्ट्राँग घ्या, तेवढ्याच पैशात."

त्या पोऱ्याचं चूक नाही. पाच टक्क्यांच्या आत अल्कोहोल असलेली बिअर म्हणजे पैसे वाया, असा इथल्या गिऱ्हाइकाचा सरळ हिशोब आहे. आणि क्राफ्टमधल्या, म्हणजे छोट्या प्रमाणावर वेगळ्या चवींनी बनवलेल्या, चांगल्या बिअर बहुतेक पाचच्या आसपासच असतात. त्यामुळे त्या मागवल्याच जात नाहीत, मागवल्या तर पडून राहतात, आणि पडून राहिल्या की चव जाते.

बाटली उचलली की मी आता आधी ब्रँड बघत नाही, भरल्याची तारीख बघतो. लेबलवर किंवा गळ्याशी बारीक छापलेली असते, कधी पुसलेली. तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्यायची. पाच-सहा महिने झालेली आणि एप्रिल-मे दुकानात काढलेली बाटली कितीही नावाजलेली असू द्या, तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. दुसरी गोष्ट उजेडाची. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा उजेडाने बिघडतो आणि बिअरला उग्र, कुबट वास धरतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी फारशी नाही, पारदर्शक तर अजिबात नाही. आणि आपल्याकडे महागडी बाटली हमखास कुठे ठेवतात? दर्शनी काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटखाली. मी शक्यतो कॅन घेतो, आणि तोही फ्रिजच्या मागच्या रांगेतला.

या शोधात मिळालेल्यांपैकी आवडलेली पहिली म्हणजे सिंबाची विट. छत्तीसगडच्या दुर्गमधली ही बिअर. गव्हाची, गढूळ, वर संत्र्याच्या सालीचा आणि धण्याचा वास. बेल्जियन पद्धतच ती, आपण मसाल्याच्या डब्यातून काही टाकायचं नाही. ओतताना बाटलीतली शेवटची दोन बोटं ठेवायची, ती हलके गोल फिरवायची आणि तळाचं यीस्ट ग्लासात घ्यायचं. लोक ते खराब झालं समजून बेसिनमध्ये ओततात, बघवत नाही. सिंबाचीच स्टाउट काळी, भाजलेल्या धान्याच्या चवीची. ती मात्र बर्फगार प्यायची नाही. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवली की कॉफीची चव वर येते. व्हाइट आउलची डायब्लो ही तांबूस आयरिश एलही मला आवडते. मुंबईच्या लोअर परळच्या ब्रूपबमधून, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमधून, सुरू झालेला हा ब्रँड. बिरा ९१ ची पांढरी तर २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा बेल्जियममध्ये बनून यायची, आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी गव्हाची बिअर पहिल्यांदा प्यायली ती हीच. मध्यंतरी ती गायब का झाली, याचं कारण कळलं तेव्हा मी थक्क झालो. कंपनीच्या नावातून 'प्रायव्हेट' शब्द गेला आणि राज्याराज्यांत लेबलं नव्याने नोंदवावी लागली. आपल्याकडे प्रत्येक राज्याचं मद्याचं खातं वेगळं, लेबलची मंजुरी वेगळी, कर वेगळा. गोव्यात प्यायलेली झकास बिअर नाशकात का दिसत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. तिकडून डिकीत घालून आणायचा विचारही करू नका, सीमेवर अडवतात.

एवढं फिरून शेवटी एक दुकान धरलं. शेठ वयाने मोठे, बोलायला कमी. त्यांना मी सरळ विचारलं, अमुक बिअरचा खोका मागवाल का? म्हणाले, "एक खोका कोणी देत नाही. आणि उरला तर?" उरलेला मी घेईन, म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. मग ऑफिसातले दोघे आणि सोसायटीतला एक जण असे आम्ही मिळून आगाऊ पैसे ठेवले. खोका आला. पुढच्या वेळी शेठनी स्वतःहून दोन मागवले आणि उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये डोळ्यांसमोर लावल्या. त्या गेल्याही. कॉलेज रोडच्या पोरांनी घेतल्या म्हणे. एकट्याने दहा दुकानांत विचारून काही होत नाही. चौघांनी एका दुकानात विचारलं की होतं.

ताज्याची गोष्ट मात्र वेगळीच, आणि त्यासाठी पुणं. २००९ मध्ये डूलालीने तिथे देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारी जागा, काढली, आणि मग एफिंगट, इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी रांग लागली. तिथे गव्हाची घ्या. लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा जो वास येतो तो यीस्टचा असतो, लवंग नाही की केळं नाही. ग्रेट स्टेटची मीठ घातलेली कोकमाची एल म्हणजे आपल्या सोलकढीच्या माणसाला लगेच पटणारी, आंबट, खारट, हलकी. मुंढव्यात इंडिपेंडन्समध्ये आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची एल, घ्यायची, पण पहिल्यांदाच पिणार असाल तर अर्धा ग्लास. कडू आहे, आणि कडूच असायला हवी.

तिथून घरी आणायची सोय ग्रोलरमुळे, म्हणजे ताजी बिअर भरून न्यायच्या बाटलीमुळे, झाली. २०२० च्या टाळेबंदीत पब बंद, टाक्यांत बिअर तशीच, तेव्हा सरकारने ती बाटलीत भरून विकायला परवानगी दिली. पण ही बिअर जिवंत असते, गार ठेवावी लागते आणि दोन दिवसांत संपवावी लागते. पुणे-नाशिक म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत साडेचार-पाच तास. थर्माकोलचा डबा, भरपूर बर्फ, आणि गाडी न पिणाऱ्या माणसाच्या हातात. आमच्यात तो माझा मेहुणा. त्याला बिअरमध्ये रस नाही, नारायणगावच्या मिसळीत आहे, त्यामुळे जमतं.

बिअर नसली तरी या शोधात सापडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नाशिकची आहे. सेराना मीड्स. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी उभं केलेलं काम. मधापासून आंबवलेलं पेय, आणि नाव आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावावरून. त्यांची जांभळाची मीड मी पहिल्यांदा घेतली तेव्हा गोडमिट्ट असेल अशी धास्ती होती. तसं काही नाही. तुरट, कोरडी, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी होते तशी जाणीव मागे राहते. बिअर न पिणाऱ्या पाहुण्यांना मी आता हीच देतो. वाईनवाल्यांनाही चालते, म्हणजे वाद मिटतो.

आषाढी आणि गांधी जयंतीला दुकानं बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी धावाधाव करण्यापेक्षा आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं बरं. शेठ हल्ली खोका आला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. पहिल्या फोटोत फक्त बाटल्यांची रांग होती. मी विचारलं, तारीख? आता ते न विचारता एक बाटली फिरवून तारखेचा वेगळा फोटो पाठवतात.