सशाची टकळी

ससा जवळजवळ मुकाच. धोका दिसला तर मागचा पाय जमिनीवर आपटतो, जिवावर बेतलं तरच किंचाळतो. तरी लंडनमध्ये एखादा तासभर बोलत सुटला की तो 'रॅबिटिंग ऑन' करतोय असं म्हणतात. आपण म्हणू, काय चऱ्हाट लावलंय!

यात सशाचा काही संबंध नाही. मूळ प्रयोग 'रॅबिट अँड पोर्क'. पोर्कचं यमक टॉकशी जुळतं, म्हणून 'टॉक'च्या जागी हे तीन शब्द आले. ही लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या कॉकनी, म्हणजे तिथल्या कष्टकरी, लोकांची यमकबोली. जॉन कॅम्डन हॉटनच्या १८५९ सालच्या बोलीकोशात तिची नोंद आहे आणि तिची सुरुवात साधारण १८४० च्या दशकातली मानतात. 'रॅबिट' मात्र तिच्यात बऱ्याच उशिरा शिरला.

असा शब्द घडवायचा तर आधी सगळ्यांच्या तोंडी असलेली जोडी शोधायची, जिचा शेवट मूळ शब्दाशी जुळतो. मग बोलताना नेमका तो शेवटच गाळायचा. खरी गंमत या गाळण्यात आहे. यमक कानावर पडलं तर परका माणूस अंदाज बांधेल. तेच गायब झालं की त्याच्या हाती नुसता ससा उरतो. 'बुचर्स हुक' म्हणजे लुक, म्हणून 'हॅव अ बुचर्स' म्हणजे जरा बघ. 'लोफ ऑफ ब्रेड' म्हणजे हेड, म्हणून 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं चालव. पण फोनला 'डॉग अँड बोन' पूर्णच म्हणतात, नुसतं 'डॉग' म्हटलं तर कुणाला कळणार नाही. कुठे गाळायचं याचा पक्का नियम नाही, ते ऐकून ऐकूनच येतं. नवशिके इथेच आपटतात.

मराठी कानाला तर 'रॅबिट'चं यमकच पटत नाही. आपण 'पोर्क'मधला र खणखणीत उच्चारतो. लंडनकर तो गिळतो: 'पोऽक', 'टोऽक'. आता म्हणून बघा. बहुतेक अमेरिकनांची आणि स्कॉटिश लोकांचीही हीच अडचण, तेही र सोडत नाहीत.

वापरताना एक पथ्य. 'चिनवॅग' म्हणजे हनुवट्या हलवत दोघांनी मारलेल्या निवांत गप्पा. 'रॅबिट'मध्ये एकच बोलतो आणि दुसरा कंटाळतो. त्यामुळे 'चहाला ये, रॅबिट करू' हे निमंत्रण विचित्र वाटेल. तिथे चिनवॅगच हवं.

ही बोली आपल्या ताटापर्यंतही आली आहे. 'रूबी' म्हणजे करी. १९५० च्या दशकात गाजलेली बेलफास्टची गायिका रूबी मरे, तिच्या आडनावाचं यमक करीशी. 'रूबी खायला जाऊ' म्हणजे गाडी थेट इंडियन रेस्टॉरंटकडे.

आपल्या पोरांच्या 'च'च्या भाषेत पहिलं अक्षर शेवटी टाकून पुढे च लावतात, 'मला'चं 'चलाम' होतं. एकदा युक्ती कळली की सगळी भाषा उघडते. कॉकनीत युक्ती कळूनही प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. 'च'च्या भाषेची खरी बहीण म्हणजे लंडनच्या हातगाडीवाल्यांची उलटी बोली. तिच्यात 'बॉय' उलटून 'यॉब' झाला आणि हुल्लडबाज पोरांना आज सगळं इंग्लंड 'यॉब'च म्हणतं.